पाहुण्यांसाठी घातलेलं छत

साहेबाला दोष देणं सोपं आहे, आणि मी तो पोटभर देऊन घेतला. सगळ्या तालुक्यात त्याच्या नावानं बोटं मोडत फिरले. पण हात दाखवून अवलक्षण आम्हीच केलं होतं, आणि आम्ही म्हणजे मुख्यतः मी.

वावधान आलं तेव्हा शाळेला सुट्टी होती, म्हणून कुणी मेलं नाही. वावधान म्हणजे आमच्याकडचं मे महिन्यातलं वादळ. अर्धा तास नाचतं आणि घरं उघडी करून जातं. आरमोरीपासून आत, जंगलाला लागून असलेल्या त्या गावात सरकारची दोन खोल्यांची शाळा होती आणि मी तिची मुख्याध्यापिका. कसली मुख्याध्यापिका, शिपाई आणि कारकूनही मीच. दोन्ही खोल्यांवरचे टिनपत्रे उडाले. काही धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, जाऊन पडले, एक मोहाच्या झाडावर लटकत होता. पत्रे पेलणाऱ्या लोखंडी कैच्या पार वाकून गेल्या.

पट आधीच कमी. अशा शाळांवर वरच्यांचा डोळा असतोच. पावसाआधी छत झालं नाही तर आमची पोरं नाल्यापलीकडच्या शाळेला जोडणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. पोरगे जातील कसेही. पोरी घरी बसतील. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईची मुलगी तेव्हा चौथीत जाणार होती. तिला पाढे उलटे येत, आणि ते ती मलाच म्हणायला लावून माझ्या चुका काढत असे. अशी पोरगी घरी बसणं मला परवडणार नव्हतं.

मग फोनवर निरोप आला. वादळात पडलेल्या सरकारी इमारतींसाठी निधी आलाय, परवा तालुक्याचे साहेब पाहणी करायला येणार. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी गाव गोळा केलं आणि सांगितलं, साहेबांनी शाळा पाहिली की छत आलंच समजा.

तिथंच माती खाल्ली. मी म्हणाले पाहणी, गावानं ऐकलं पाहुणा. आणि पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्याकडे अंगणात काडी पडू देत नाहीत. खिचडीवाली बाई म्हणाली, "म्याडम, साहेबाले भर उन्हात बसवान का? वरतं काईच नाई. गावाची काय इज्जत राहीन?"

मला तेव्हा अक्कल असती तर म्हटलं असतं, बसू दे उन्हात, भाजू दे टाळू. पण मी याच मातीतली. मलाही ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी कंबर कसून कामाला लावलं सगळ्यांना. भाऊ लोकांनी बांध्यांमधून पत्रे वेचून आणले, मोहाच्या झाडावरचा काढला, दगडावर ठेवून ठोकून सरळ केले. जंगलातून बांबू आणले. एका खोलीवर पत्रे अंथरले, तारेनं आवळले, वर धोंडे ठेवले. दुसऱ्या खोलीचा सगळा मलबा उचलून मागच्या खड्ड्यात टाकला. बायांनी व्हरांडा सारवला, दारात रांगोळी घातली. घरोघरून तांदूळ आला, गावठी कोंबडी शिजली. इतकी देखणी ती शाळा मी नोकरीत कधी पाहिली नव्हती.

साहेब आले ते बारा वाजता, घामानं निथळत. थेट त्या छताखाली खुर्चीवर बसले, दुसऱ्या खोलीकडे वळलेही नाहीत. जेवले, आमरस दोनदा मागून घेतला. माणूस वाईट नव्हता, हे सांगताना अजून माझा जीव जळतो. वर बघून म्हणाले, "छत गावानं बसवलं?"

"हो जी, दोन दिवसांत," मी म्हणाले. मीच. माझ्या तोंडानं, छाती फुगवून.

त्यांनी लिहिलं आणि कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. न वाचता सही केली असती तर निदान फसवलं म्हणायला जागा होती. मी वाचला. 'लोकसहभागातून छताची दुरुस्ती पूर्ण. ग्रामस्थांचे कार्य प्रशंसनीय.' खिचडीवाल्या बाईनं विचारलं, "काय लिवलं, म्याडम?" तर मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. गावानं टाळ्या वाजवल्या. आणि मी सही केली.

पावसाच्या तोंडावर यादी लागली. आमची शाळा यादीत नाही. जिथल्या लोकांनी पडलेली वीटसुद्धा हलवली नव्हती, त्या शेजारच्या गावाला स्लॅबची खोली मंजूर. मी तालुक्याला गेले, कारकुनापुढे रडायचंच बाकी होतं. त्यानं फाईल काढली, माझीच सही मला दाखवली.

"दुरुस्ती झाली असं तुम्हीच लिहून दिलंय, म्याडम."

"अहो, ते पाहुण्यांसाठी घातलं होतं. धोंडे ठेवलेत वर."

"मंग तसं सांगायचं नव्हतं का साहेबाले?"

तोंडात मारल्यासारखी परत आले.

आषाढात पहिल्याच जोरदार वाऱ्यानं बांबू सरकले आणि दोन पत्रे धोंड्यांसकट वर्गात आले. मधली सुट्टी होती, पुन्हा नशीब. मग मात्र कागद भराभर हलले. इमारत धोकादायक ठरली, शाळा बंद झाली, पोरं नाल्यापलीकडे जोडली. छताला जो निधी मिळाला नाही, त्याच्या मानानं कुलूप फार लवकर मिळालं.

ती पाढेवाली मुलगी काही दिवस गेली नाल्यापलीकडे. मग नाल्याला पूर आला, एक पोरगा वाहता वाहता वाचला, आणि गावातल्या पोरींचं जाणं थांबलं. खिचडीवालीचं कामही शाळेबरोबर गेलं. रोवणीच्या दिवसात मी तिला भेटायला बांधीवर गेले. मायलेकी गुडघाभर चिखलात धान लावत होत्या. मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली वाकली.

मी चिखलात न उतरता, कडेच्या धुऱ्यावरूनच रागावले. नेहमीची सवय. "बाई, पोरीले शाळेत काऊन नाई पाठवून राह्यली? पाणी उतरलं आता."

ती कंबर धरून उभी राहिली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तुमाले कोन्ती शाळा देल्ली, म्याडम?"

"पलीकडचीच. पोरं जिथं जोडली तिथी."

"पगार चालू हाय ना?"

"हाय."

"तिथी वरतं छत हाय ना?"

"हाय. स्लॅब आहे."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि लेकीच्या हातातून रोपांची पेंढी घेऊन पुढच्या ओळीला लागली.