न घेतलेला घोट

स्टीलचे ते छोटे पेले मंडळीत मीच आणले, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर बोलायला लागले की मी चार गावं फिरून येते आणि मुद्द्याचं राहूनच जातं.

शिरूरची आमची ख्रिस्ती मंडळी लहान, वीस-पंचवीस माणसं. पाळकबाई आल्या आणि त्यांनी बाकं भिंतीला लावून खुर्च्या गोल मांडल्या. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर नि द्राक्षरस वाटून घेतात त्या विधीला, पेला एकच. त्यातला घोट घ्यायचा, पांढऱ्या फडक्यानं कड पुसायची आणि शेजारच्याच्या हातात देताना म्हणायचं, "हे तुमच्यासाठी." द्राक्षरसासाठी शनिवारी मनुका उकळायचं काम माझं. दौंडच्या दवाखान्यात नर्स म्हणून सगळी उमर काढली, त्यामुळे स्वच्छतेच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. ते मी कुणाला विसरूही देत नसे.

हा एकच पेला आमच्या घराला फार जवळचा. माझे वडील, आमचे आप्पा, गावातल्या हॉटेलात चहा प्यायचे तेव्हा त्यांच्या जातीच्या माणसांचा कप वेगळा, बाहेर वळचणीला ठेवलेला. चहा प्यायचा, आपला कप आपण धुवायचा आणि पालथा घालून ठेवायचा. आप्पा म्हणायचे, "प्रवचनातलं मला काय कळलं न्हाई गं. पण सगळ्यांनी तोंड लावलेला पेला माझ्याबी हातात दिला. मग मी दुसरीकडं कुठं गेलो न्हाई."

दोन वर्षांपूर्वी बैठकीत प्रश्न निघाला, की प्रभुभोजनाच्या मेजावर कुणाकुणाला घ्यायचं? कुणी म्हणालं, बाप्तिस्मा झालेल्यांनाच. कुणी म्हणालं, आधी वागणूक बघू. माझं डोकंच सटकलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मेज प्रभूचं आहे, तुमच्या-माझ्या बापाचं नाही!" खुर्चीवर हात आपटला होता मी. ठराव झाला. दारावर पाटी लागली, 'सगळ्यांचं स्वागत'. ती रंगवूनही मीच आणली. किती मिरवले असेन त्या पाटीपायी, देवालाच ठाऊक.

मग ती आली. तृतीयपंथी. पस्तिशीची, उंच, अंगावर साधी सुती साडी. शिक्रापुरात खोली घेऊन राहायची आणि सणसवाडीत कामगारांच्या मेसमध्ये चपात्या लाटायची. पाळकबाईंनी तिला जवळ घेतलं, मीही हसून हात हातात घेतला. दुसऱ्या रविवारी ती नेमकी माझ्या डाव्या बाजूला बसली, म्हणजे पेला तिच्याकडून माझ्याकडे येणार. आला. तिनं कड दोनदा पुसली आणि म्हणाली, "हे तुमच्यासाठी, मावशी."

मी पेला ओठाला लावला, डोळे मिटले आणि तसाच पुढे दिला.

का, ते मला विचारू नका. आयुष्यभर रक्त-पू पुसलेली बाई मी, मला कसली आलीय किळस! पण आली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय. त्याच आठवड्यात भांड्याच्या दुकानातून तीस छोटे पेले आणले आणि पाळकबाईंना म्हटलं, "सर्दी-तापाची साथ आहे, आता ज्याचा त्याचा पेला बरा." त्यांनी मान डोलावली. नर्सच्या शब्दावर कोण शंका घेणार?

त्या रविवारी सगळे आपापले पेले ताटात ठेवून घरी गेले. मी मागच्या मोरीत भांडी घासायला बसले. ती आत आली, तिच्या हातात तिचा पेला. नळाखाली तिनं तो धुतला आणि बाकीच्यांपासून लांब, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातला.

"राहू दे गं, मी धुते," मी म्हटलं.

"असू द्या मावशी. सवय हाय. मेसमधी माझ्या हातच्या चपात्या चालत्यात, पण माझा कप बाजूलाच असतो."

रागानं नाही, सहज म्हणाली. मी त्या पालथ्या पेल्याकडं बघत राहिले. मला आप्पा आठवले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पांचा कप वळचणीला ठेवणारा हॉटेलवाला मला लहानपणापासून नालायक वाटायचा. आता मीच त्याच्या जागी बसले होते, हातात घासणी घेऊन.

पुढचे दोन रविवार ती आली नाही. मी एसटीनं शिक्रापूर गाठलं, पत्ता विचारत विचारत खोलीवर गेले. तिनं चटई टाकली, पाणी विचारलं. मी पाण्याचा तांब्या घटाघटा रिकामा केला, जणू तेवढ्यानं भागणार होतं. ती बघत होती.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही घोट घेतला न्हाई. पेला लावला, पण गळा हलला न्हाई तुमचा. आमचा जलम लोकांच्या तोंडाकडं बघण्यात गेला, आमाला कळतं."

"चुकलं गं माझं," मी म्हणाले. रडू आलं, पण मी ते आवरलं. तिच्यासमोर रडून तिलाच समजूत काढायला लावायची नाही, एवढी तरी लाज होती.

"मला सांगून काय उपेग? त्या सगळ्यांना वाटतंय पेले आजारासाठी आलेत. तिथं खरं सांगा, मी येते. मला तरी दुसरं कुठलं ठिकाण हाय जायला?"

"सांगते," मी म्हणाले. "येत्या रविवारीच."

ती आली. माझ्या उजव्या हाताला बसली. प्रभुभोजनाच्या आधी मी उभी राहिले, तेव्हा सगळे माझ्याकडं वळले. खुर्चीवर हात आपटला होता तेव्हाही हेच चेहरे होते. पाळकबाई कौतुकानं बघत होत्या. मी पदर सारखा केला.

"साथ ओसरलीय," मी म्हणाले. "आता पुन्हा एकच पेला घ्यायला हरकत नाही."

दोघातिघांनी आमेन म्हटलं. मी खाली बसले. तिच्याकडं बघायची हिंमत झाली नाही.

पेला फिरत माझ्याकडं आला. मी सगळ्यांना दिसेल असा मोठा घोट घेतला, कड पुसली आणि तिच्या हातात दिला. "हे तुमच्यासाठी."

तिनं पेला ओठाला लावला, डोळे मिटले, फडक्यानं कड नीट पुसली आणि पुढच्याला दिला. बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मी तिच्या गळ्याकडं बघत होते. तो हलला नाही.