गुणाजीच्या घरातली ओली लादी

गुणाजी परबाला आयुष्यात बऱ्याच गोष्टी कळल्या नाहीत. गिरणी बंद का पडली ते कळलं नाही, आणि पुढे मरोळच्या कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून बसला, तर आत नेमकं बनतं काय तेही कळलं नाही. त्यावाचून त्याचं काही अडलं नाही. पण घरातली लादी रोज दुपारी ओली का होते, हे कळल्याशिवाय आता भागणार नव्हतं, कारण त्या लादीवर सुगंधा चालायची.

सुगंधा म्हणजे त्याची बायको. शिमग्याच्या आधी पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, काका, वॉकर घेऊन रोज चालवा, नाहीतर पाय आखडेल. आणि जपा, परत पडल्या तर उभं राहणं कठीण आहे. तेव्हापासून गुणाजीच्या जिवात जीव नव्हता.

भांडुपची त्यांची चाळ पाडून तिथे टॉवर झाला होता आणि नुकत्याच चाव्या मिळाल्या होत्या. या घरांना एसी नव्हता. गारवा यायचा लादीखालून, आणि तिथे तो यायचा जमिनीच्या पोटातून. मुलगा सिद्धेश बापाला समजावून दमला. बिल्डिंगखाली खोल भोकं पाडून नळ्या सोडल्यात, लादीखालच्या नळ्यांतलं पाणी घरातली उष्णता उचलतं, खालचा पंप ती उष्णता जमिनीत सोडतो, आणि गार झालेलं पाणी परत वर येतं.

"म्हणजे बोअर मारली?" गुणाजीने विचारलं.

"हो."

"पाणी लागला?"

"पाणी काढायचंच नाहीये, बाबा."

"मगे बोअर कित्याक मारली?"

सिद्धेशने कपाळाला हात लावला. गुणाजीचा पुढचा प्रश्न तयारच होता. "आपली गरमी जमिनीच्या डोक्यार ओततंत. जमीन काय गप बसतली?" सिद्धेशला कामावर जायला उशीर होत होता. तो निघाला, आणि प्रश्न बापाच्या डोक्यात तसाच राहिला.

गारवा मात्र झकास होता, उगाच खोटं कशाला बोला! बाहेर मे महिना भाजून काढत होता आणि सुगंधा किती दिवसांनी शांत झोपत होती. आणि मग लादी ओली व्हायला लागली. आधी दाराजवळ, मग हॉलभर. गुणाजी गुडघ्यावर बसून पुसायचा, पुसून उठेतो पुन्हा ओलं. प्लंबर आला, ठोकून बघितलं, म्हणाला नळी कुठेच फुटलेली नाही. गळती नाही आणि पाणी आहे, आता बोला!

मग वरच्या मजल्यावरच्या वनमालाबाईंवर संशय गेला. गुणाजी तणतणत वर गेला आणि बेल वाजवली. "तुमची न्हाणी गळता. माझी बायको पडली तर जबाबदार कोण?"

"माझी न्हाणी?" वनमालाबाई कडाडल्या. "या आत! बघा कुठे थेंब दिसतो का! जीभ लावून बघा हवी तर!"

लादी कोरडी ठणठणीत होती. तोच बिल्डर, त्याच नळ्या, तेच पाणी, मग यांची कोरडी आणि आपली ओली का? गुणाजी गोंधळून जिना उतरला. माफी मागायची होती ती विसरलाच.

दुसऱ्या दिवशी सुगंधाच्या वॉकरचा पाय सरकला. तिने भिंत धरली म्हणून वाचली. आता गुणाजीला एकच कारण सुचत होतं. गावात साधा चर खणायचा तरी आधी राखणदाराला नारळ देतात, गाऱ्हाणं घालतात. इथे एवढी खोल भोकं पाडली, वर रोज गरमी ओतायची, आणि त्या जागेच्या मालकाला विचारलं कोणी?

त्याच मजल्यावरचा सहदेव राणे हा चाळीपासूनचा शेजारी. दोघांनी पार्किंगमध्ये, जिथे त्या नळ्या जमिनीत उतरल्या होत्या, तिथे नारळ ठेवला. सुगंधाला व्हीलचेअरवर खाली आणली होती, घराला कुलूप होतं. गुणाजीने हात जोडले.

"बा देवा राखणदारा! न इचारता तुझ्या पोटात नळये घातले, तां पदरात घे. ह्या पाणी खंयसून येता तां बंद कर, आणि माझ्या बायलेक पायार उभी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सहदेव ओरडला. गाड्या पुसणारे थांबून बघायला लागले.

मग गप्पा झाल्या, खोबरं वाटलं. बऱ्याच वेळाने वर येऊन कुलूप काढलं, तर काय आश्चर्य! लादी कोरडी! गुणाजीने तिच्यावर पालथा हात फिरवला आणि त्याला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लादी पुन्हा ओली. आता तर त्याची मतीच गुंग झाली. माणसं शब्द फिरवतात हे ठीक, पण राखणदार?

शेवटी सिद्धेशने नळ्या बसवणाऱ्या कंपनीच्या इंजिनीअरबाईंना बोलावलं. अपूर्वा त्यांचं नाव. त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"काका, हे दार असंच उघडं असतं?"

"मगे? सकाळी उघडायचा, निजताना लावायचा."

त्यात विचारण्यासारखं काय, हेच त्याला कळेना. चाळीत दिवसा दार लावलं की लोक विचारायचे, गावाला गेले की कोण गेलं?

अपूर्वाबाईंनी फ्रिजमधल्या पाण्याचा लोटा भरून टेबलावर ठेवला. थोड्या वेळाने तो बाहेरून ओला झाला. "लोटा गळतोय का?" त्यांनी विचारलं. गुणाजीने नाही म्हणून मान हलवली. "बाहेरच्या हवेत पाणी असतं, ते गार लोट्यावर जमतं. तुमची लादी गार, आणि दारातून दिवसभर दमट हवा आत येतेय. दारं-खिडक्या लावा, बस्स. वरच्यांचं दार बंद असतं म्हणून त्यांचं कोरडं."

गुणाजीला अर्धं कळलं. पण दार लावलं, आणि लादी कोरडी झाली. रोज हात फिरवून बघायचा, कोरडीच. आता चिंता मिटली म्हणून तो सगळ्यांना सांगत सुटला.

मग एके दिवशी व्यायामवाली जान्हवी आली. तिने सुगंधाचा पाय वाकवून बघितला आणि भुवया आक्रसल्या. "काका, पाय आखडत चाललाय. चालवत नाही का?"

"गो सुगंधा, लादी कोरडी केलंय मा तुका? मगे चलणंस कित्याक नाय?"

सुगंधा भडकली. "चलत जाव खंय? दारापर्यंत जाय होतंय, कोण जाता, कोण येता बघूक. तां दार तुमी लावल्यात. आता भितीक हात लावन परत येव काय?"

लादी ओली तर ती पडणार, लादी कोरडी तर ती उठणारच नाही, मग माणसाने करायचं काय? सिद्धेश संध्याकाळी ओरडेल, अपूर्वाबाई कपाळाला हात लावतील. गुणाजीला काही सुधरेना. तो उठला, भिंतीतला गारव्याचा कॉक फिरवून बंद केला, खिडक्या उघडल्या आणि लादी पुसून घेतली. ती पुन्हा ओली होत नाही हे बराच वेळ बसून बघितलं, मग दार सताड उघडलं. गरम हवेचा लोट आत आला.

सहदेव दूध घेऊन चालला होता. दारात थबकला. "वैनी! हय आसास? माका वाटला, परत हॉस्पिटलात नेल्यानी!"

"मेल्या, बरा बोल!" सुगंधाने वॉकर ओढला आणि उठली. कपाळावरून घाम निथळत होता, पाय नीट उचलत नव्हता, तरी दाराकडे निघाली. गुणाजी दोन्ही हात पसरून तिच्या पुढे उलटा चालत होता. सावरायचं की सोडायचं, तेही त्याला कळत नव्हतं.

"सरा बाजूक," ती म्हणाली. "वारो अडवतास."