नंबर आहे, शिक्का आहे

मालिनीबाई नाशिकच्या एका कॉलेजात एकोणीस वर्षं ग्रंथपाल होत्या. नियमाच्या इतक्या पक्क्या, की पुस्तक उशिरा परत केलं म्हणून स्वतःलाच दोनदा दंड करून बसलेल्या! दोन हजार सात साली त्यांनी दर शनिवारी ‘कागद वाचायचा तास’ सुरू केला. डोंगराकडची मुलं बी.ए. होतात, पण सरकारी कागद दिसला की गांगरतात, ही त्यांची तळमळ. तासाला सहा जण येत. त्यांतले चौघे पंख्यासाठी.

“नंबर बघा, शिक्का बघा. नसेल तर अंगठा देऊ नका!” बाई बजावत.

मनापासून ऐकायची ती पेठकडची सविता. त्या शनिवारी ती रडतच आली.

“मॅडम, जीपवाले साहेब आले व्हते. जमीन सरकारनं घेतली म्हणाले. गावानं अंगठे दिले. सोमवारी कागद तालुक्याला जमा करणार.”

“अगं, आणि तू काय करत होतीस?”

“मीच वाचला ना! नंबर व्हता, शिक्का व्हता. बा अंगठा देत नव्हता. मीच म्हटलं, कागद खरा हाय.”

तो नंबर सरकारी राजपत्र उघडून त्यात पडताळायचा, हा पुढचा धडा बाईंनी शिकवलाच नव्हता. ग्रंथालयाची मोजदाद चालू होती. राजपत्रांच्या कपाटाला कुलूप, चावी मोजदाद समितीच्या सरांकडे, आणि सर इगतपुरीला लग्नात. ‘चावी आली की शिकवू’ म्हणता म्हणता पाच शनिवार गेले होते.

“फकिरा, हातोडा आण.”

शिपाई फकिरा हरखला. “कुलूप कॉलेजचं हाय, मॅडम. हातोडा माझा हाय, जपून मारा.”

चौथ्या घावाला कुलूप तुटलं. सविताने सोबत आणलेल्या त्या कागदाच्या झेरॉक्सवरचा नंबर वाचला, बाईंचं बोट पानावर त्याच नंबरापाशी थांबलं: हातपंपांच्या दुरुस्तीबाबत.

“तुमची जमीन हातपंप नाही, एवढं तरी नक्की!” बाई म्हणाल्या.

सविता हसली नाही. “पण अंगठे तर गेले ना, मॅडम.”

बाईंनी मनाशी हिशेब केला. सोमवारी कचेरी उघडायच्या आत राजपत्राचा हा खंड घेऊन गाव दारात उभं राहिलं, तर कदाचित कोणी ऐकेल. कदाचित नाही.

खंडावर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी होती: ‘बाहेर नेऊ नये.’ बाईंनी तो स्वतःच्या कार्डावर चढवला आणि पिशवीत कोंबला.

“मॅडम, परतीची तारीख राहिली!” फकिरा मागून ओरडला.

“पेठची गाडी किती वाजता गं?” बाई सविताला विचारत जिना उतरत होत्या.