दारात उभ्या मुलीचा धडा

अम्माच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तिनं पहिली तक्रार केली ती माझ्या पांढऱ्या केसांची. दुसरी केली छताच्या कोपऱ्यातल्या जाळ्यांची. तिसऱ्या दिवशी तक्रार नव्हती, मागणी होती.

"ते तुझं शाळेतलं पुस्तक आणून दे की. पोरगी दारात उभी असती आन् शेवटी बाप येतो, ते. मला त्या बापाचं तोंड बघायचंय."

आमच्या घरात तेलुगू बोलतात. अम्मा हे तेलुगूतच म्हणाली. बाजारात ती जशी मराठी बोलते, तशा मराठीत मी तिचं बोलणं इथं लिहिते आहे.

त्या बापाचं तोंड बघायचं होतं, कारण तो आमच्या नायनासारखा दिसायचा. नायना म्हणजे माझे वडील. पण आम्ही त्याला अरेतुरेच करायचो, म्हणून इथंही करते. तो सोलापुरात यंत्रमागावर कामाला होता. मी तिसरीत असताना त्याचे माग बंद पडले आणि तो भिवंडीला गेला. त्या दिवाळीला आला. पुढच्या दिवाळीला कुणाच्या तरी हाती आम्हा दोघी बहिणींना फ्रॉक पाठवले. त्यानंतर काही नाही, ना पत्र, ना निरोप. तो सुरतेला दिसला असं एकानं सांगितलं, दुसऱ्यानं सांगितलं तो तिथं नाहीच. अम्मानं दोघांनाही चहा पाजला.

त्याचा एकच फोटो होता, लग्नातला. भिंतीला ओल आली आणि फोटो काचेला चिकटला. आम्ही तो जपून सोडवायला गेलो तर नेमका नायनाच्या तोंडावरचा पापुद्रा काचेबरोबर निघाला. शेजारी अम्मा मात्र होती तशी राहिली, मान खाली घातलेली, अठरा वर्षांची. तेव्हापासून नायनाचा चेहरा बघायचा म्हटलं तर चौथीच्या मराठीच्या पुस्तकातलं ते एक चित्र, असं आम्ही तिघी धरून चाललो होतो. ते पुस्तकही कधीच रद्दीत गेलं होतं.

आता अम्माला डोळे परत मिळाले होते, तर तिला ते चित्र हवं होतं. आणि मला ते तिला द्यायचंच होतं. आयुष्यात तिनं माझ्याकडं मागितलेल्या गोष्टी मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकते.

मी चौथीत होते तेव्हा सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात घरोघरी बिड्या वळत. मी दुपारी शाळेतून यायचे तेव्हा अम्मा, शेजारची मावशी आणि समोरच्या दोघी आमच्या ओट्यावर मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असायच्या. भिजवलेली पानं कात्रीनं कापायची, चिमूटभर तंबाखू ठेवायचा, वळायचं, दोरा बांधायचा. हातांना उसंत नसे, कान मात्र रिकामे. म्हणून त्या मला वाचायला बसवायच्या. त्यांना मराठी यायची ती भाजीवाल्याशी भांडण्यापुरती, पुस्तकातली नाही. मग मी एक वाक्य मराठीत वाचायचे आणि तेच तेलुगूत सांगायचे. चार मोठ्या बायका आपल्या तोंडाकडं बघतायत म्हटल्यावर नऊ वर्षांची पोर किती शेफारेल, ते सांगायला नको. मी चष्मा नसताना नाकावर चष्मा असल्यासारखी बसायचे.

गोष्टी, कविता, पाण्याचं महत्त्व, सगळं वाचून झालं. पण त्यांना सगळ्यांत आवडायचा तो दारातल्या मुलीचा धडा. मुलीचा बाप नदीपलीकडच्या गावाला गेलेला असतो. संध्याकाळ होते. गाई परत येतात, पाखरं परत येतात, शेजारची बैलगाडी परत येते. मुलगी दारात उभी असते. आणि शेवटी बाप येतो. त्या धड्याची फर्माईश किती वेळा झाली असेल, देव जाणे.

अम्माची मागणी आली तशी मी आधी अक्काला, म्हणजे थोरल्या बहिणीला, फोन केला. ती म्हणाली, "आठवतंय की. बापाच्या हातात छत्री होती, काळी." मग गावाबाहेर कुंभारीला, बिडी कामगारांच्या घरकुलात राहायला गेलेल्या त्या शेजारच्या मावशींना गाठलं. त्या म्हणाल्या, "छत्री कुठली? काखेत गाठोडं व्हतं. आन् मान अशी वाकडी." हे खरं होतं. मागांच्या खडखडाटानं नायनाचा उजवा कान गेलेला होता, त्यामुळं तो ऐकताना डावा कान पुढं करायचा आणि मान कलती व्हायची. चित्रातला बापही तसाच उभा होता, मला स्पष्ट आठवत होतं. शर्टाच्या बाहीला सुताचा कापूससुद्धा चिकटलेला होता. छत्री की गाठोडं यावरून अक्काचं आणि माझं दोन दिवस वाजलं.

मी छापखान्यात प्रुफं तपासते. लग्नपत्रिका, दिनदर्शिका, पतसंस्थांचे अहवाल. डोळ्यांत तेल घालून वाचायचं आणि पदरचं काही घालायचं नाही, हा माझा धर्म. घरात कुणी म्हण चुकीची म्हटली तरी मी जेवता जेवता दुरुस्त करते. या स्वभावानं मला मैत्रिणी फारशा मिळाल्या नाहीत, पण पगार वेळेवर मिळाला. त्यामुळं हे पुस्तक शोधणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मला वाटलं होतं. रद्दीची दुकानं पालथी घातली. जुनी पुस्तकं विकणारे दोघं-तिघं मला लांबून बघूनच नाही म्हणून मान हलवायला लागले. मग कुणीतरी सुचवलं, तुमच्या शाळेतल्या चौथीच्या बाई अजून आहेत, त्या काही टाकत नाहीत.

बाई होत्या. थकल्या होत्या, पण आवाज वर्गातलाच. मी धडा सांगितला. "आणि शेवटी बाप येतो," मी म्हणाले.

"कुठला बाप?" बाई म्हणाल्या. "त्यात कुणी येत नाही."

"येतो, बाई."

"अगं, मी तो धडा कितीदा शिकवलाय. कुणी येत नाही."

मी चक्क बाईंशी वाद घातला. पन्नाशीतल्या बाईनं ऐंशीच्या बाईंशी. तुमची आवृत्ती वेगळी असेल म्हणाले, पुढं बदलला असेल म्हणाले, तुमच्या लक्षात नसेल असंसुद्धा म्हणाले, ज्याची मला अजून लाज वाटते. बाई चिडल्या नाहीत. त्या आत गेल्या, पत्र्याच्या ट्रंकेतून पुस्तक काढून आणलं आणि मिटलेलंच मांडीवर ठेवलं.

"शेवटचं वाक्य आठवतंय तुला?"

"पाठ आहे."

"म्हण बघू."

मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "नायना वच्चिंडु."

बाप आला. तोंडातून तेलुगू वाक्य निघालं होतं. मी पुन्हा आठवायला गेले. मराठी वाक्य शोधलं, ते नव्हतंच. गाई मराठीत येत होत्या, पाखरं मराठीत येत होती, बैलगाडीसुद्धा. बाप तेवढा तेलुगूत येत होता.

"हे मराठीचं पुस्तक आहे गं," बाई हळूच म्हणाल्या आणि पान उघडून त्यांनी ते माझ्यापुढं सरकवलं.

चित्रात एक दार होतं. दारात परकर-पोलकं घातलेली मुलगी पाठमोरी उभी होती आणि तिच्यापुढं रस्ता. रस्त्यावर कुणी नव्हतं. खालचा मजकूर मी तीन वेळा वाचला, सवयीप्रमाणे बोट ठेवून. अंधार पडतो, मुलगी अजून रस्त्याकडं बघत असते, आणि संपतं. छत्री नाही, गाठोडं नाही, वाकडी मान नाही.

तिथं बसल्या बसल्याच मला तो दिवस आठवला. म्हणजे आठवला असं वाटतंय; आता मी माझ्या आठवणीवर पैज लावणार नाही. मी धडा प्रथमच वाचत होते. मुलगी रस्त्याकडं बघत राहिली, तिथवर तेलुगूत सांगितलं आणि गप्प झाले. चौघींचे हात थांबले. हात थांबणं म्हणजे काय, ते बिडीच्या घरात वाढलेल्यालाच कळेल. मावशी म्हणाल्या, "आन् मग?" मी अम्माकडं बघितलं. तिच्या हातात अर्धी वळलेली बिडी तशीच होती. मी पुस्तकात मान घातली आणि म्हणाले, नायना वच्चिंडु. सूप हललं, कात्री पुन्हा सुरू झाली.

पुढच्या वेळी त्यांनी विचारलं, कसा होता गं दिसायला? मी पुस्तक आपल्याकडं धरून सांगितलं. मी दुसऱ्या कुणाला कुठून आणणार होते? मला माहीत असलेला बाप एकच होता. कधी त्याच्या हातात छत्री दिली, कधी गाठोडं. अक्का बाजूला बसून ऐकायची. आणि सांगून सांगून मलाच ते चित्र दिसायला लागलं असणार. पदरचं काही घालायचं नाही म्हणणारी मी, अख्खा बाप पदरचा घातला होता.

मला स्वतःचा भयंकर राग आला. चूक केली म्हणून नाही. अम्माकडं नायनाचं जे काही उरलं होतं, ते मी तिला लहानपणी दिलं होतं आणि आता म्हातारपणी काढून घ्यायला निघाले होते. बाईंनी पुस्तक घरी न्यायला दिलं. रिक्षात एकदा वाटलं, मिळालं नाही म्हणून सांगावं. पण चाळीस वर्षांपूर्वी एकदा खोटं वाचून झालं होतं, तेवढं पुरे होतं.

अम्मा खिडकीशी बसली होती. मी पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते उजेडाकडं धरलं, जवळ घेतलं, लांब केलं.

"ह्यात तो कुटं हाय?"

"तो नव्हताच, अम्मा. मीच सांगायचे."

वाटलं, ती रागावेल किंवा रडेल. मी घाईघाईनं काहीबाही बोलत सुटले, लहान होते, कळत नव्हतं, तुम्ही विचारायच्या म्हणून. तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ती पाठमोऱ्या मुलीवरून बोट फिरवत होती. तंबाखूनं कायमचं पिवळं झालेलं बोट.

"मग माझ्या डोळ्यापुढं येतो तो तूच सांगितलेला व्हय?"

"असेल."

"बरा सांगितलास," ती म्हणाली. मग त्या मुलीवर बोट ठेवून, "ही लई वेळ उभी हाय गं. कुणी आत बोलवत न्हाय हिला."

"धडाच तसा आहे."

"तू बी अशीच उभी राहायचीस. वाचून झालं की दारात. दिवेलागण झाली तरी. माझ्यासमोर तुझी पाठ असायची. मला वाटायचं, हाक मारावी, पोर दमली असंल. पर मारली न्हाय."

हे मला आठवत नव्हतं. धडा आठवत होता, छत्री आठवत होती, जे कधी नव्हतंच ते सगळं आठवत होतं. मी दारात उभी राहायचे, हे मात्र मी पार विसरले होते. इतकी वर्षं मी समजत होते की वाट अम्मा बघत होती, आणि मी तिच्यासाठी बाप आणला होता.

"का नाही मारलीस हाक?"

"हाक मारली असती तर तुला कळलं असतं, की आता तो येत न्हाय."

मला नायना हवा होता. आत्ता, या वयात, पांढऱ्या केसांनिशी मला तो दारात यायला हवा होता, मान कलती करून, आणि हे मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, स्वतःलाही.

अम्मानं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग माझ्याकडं न बघता, बाहेर अंगणात कुणी असावं तशा मोठ्या आवाजात तिनं माझं घरातलं नाव घेऊन हाक मारली आणि म्हणाली, "ये आता आत. जेवून घे."

मी तिच्या शेजारीच बसले होते, तरी "आले" म्हणाले.