रॅम्पवर बसलेली अम्मा

बेळ्ळंदूरच्या आमच्या गृहसंकुलात इमारतीतून बागेकडे उतरायला दोन मार्ग आहेत. एकाला पायऱ्या आहेत, दुसऱ्याला रॅम्प. खुब्याचे हाड मोडल्यापासून माझी पत्नी चाकांच्या खुर्चीत असते. आमच्यापुरता मार्ग एकच. ती दिवसभर संध्याकाळची वाट पाहते, आणि तिची संध्याकाळ म्हणजे ती बाग आणि तिथला तिच्या मैत्रिणींचा घोळका. ही वस्तुस्थिती मी आरंभीच नोंदवून ठेवतो, कारण पुढील प्रकरणात अनेकांनी मला कलेचा शत्रू ठरवले.

माघातल्या एका रविवारी रहिवासी संघाने निसर्गशिल्पांचा मेळावा भरवला. आवारातला पालापाचोळा, फुले, पारंब्या, काटक्या, माती, दगड, झावळ्या आणि नारळ-करवंट्या एवढेच वापरायचे. खिळा नाही, डिंक नाही, रंग नाही. तयार शिल्प कोणी हलवायचे नाही, वारा आणि पाऊसच त्याचे काय ते करतील, असा नियम. आठवडाभर व्हाइटफील्डच्या कचेऱ्यांत संगणकाच्या पडद्याकडे पाहणारी सुशिक्षित माणसे कोपरापर्यंत चिखलात हात घालून बसली होती. एकाने करवंट्यांचे कासव केले. एका गृहस्थांनी दगडावर दगड ठेवून त्याला ‘मौन’ असे नाव दिले आणि दुपारभर येणाऱ्याजाणाऱ्याला ते समजावून सांगत राहिले.

आणि रॅम्पच्या वर, ऐन तोंडाशी मांडी घालून एक बाई बसवण्यात आली. मातीचे धड, पारंब्यांचे केस, शहाळ्यावर चिखल थापून केलेले डोके आणि गळून पडलेल्या गुलाबी फुलांचे लुगडे. ती घडवणारी तरुणी पुण्याहून नोकरीसाठी आलेली.

“काका, ही पृथ्वी आहे,” ती म्हणाली.

“पृथ्वीला बसायला दुसरी जागा नव्हती?”

“इथे छान सावली आहे ना. आणि ही जागा कोणी यूजच करत नाही.”

“मी करतो. रोज.”

“काका, चिल. टेम्पररी आहे.”

“कधीपर्यंत?”

“ते निसर्ग ठरवेल.”

माघात बेंगळुरात पाऊस पडत नाही. आमचे घराणे कित्येक पिढ्या या गावात आहे, तेव्हा एवढे मी अधिकाराने सांगू शकतो. घरी येऊन मी संघाच्या सचिवांना पत्र लिहिले: सदर शिल्प हे सामाईक मार्गावरील अतिक्रमण असून, ज्या ‘तात्पुरते’ या शब्दाला मुदत जोडलेली नाही तो शब्द नसल्यासारखाच समजावा. मग अडथळ्याचे स्वरूप प्रत्यक्ष दाखवण्यासाठी पत्नीला तिथवर घेऊन गेलो. परत येतो तोच सचिवांचे उत्तर आले होते: सोमवारी सकाळी सफाई कामगार शिल्प हटवतील. हा माझा अनपेक्षित आणि अत्यंत अल्पायुषी विजय.

सोमवारी सकाळी सफाईच्या बायका शिल्पासमोर चपला काढून उभ्या होत्या. झाडू भिंतीला टेकवलेले. सुरक्षारक्षकांचा प्रमुख, होसकोट्याचा माणूस, हात जोडून माझ्याकडे आला.

“सार, हे आमच्याकडून होणार नाही. कपाळाला कुंकू आहे.”

“काल नव्हते.”

“काल बाई होती, सार. आज अम्मा आहे.”

“मातीच आहे ती!”

“सरी, सार, माती तर माती. मग तुम्ही पाडा.”

सर्वांनी माझ्यासाठी वाट करून दिली. मी पाडली नाही. जमावाच्या चिथावणीवरून कृती करणे हे कोणत्याही कायदा मानणाऱ्या माणसाला शोभत नाही.

दुपारपर्यंत झेंडूची माळ आली. संध्याकाळी कापूर पेटला. मंगळवारी कोणी नारळ फोडला आणि त्याचे पाणी रॅम्पवरून ओघळत बागेत गेले. म्हणजे त्या आठवड्यात रॅम्पचा उपयोग झाला तो एवढाच. ऑफिसच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एका तरुणाने लॅपटॉप तिच्या पायांना लावला. मी विचारले, हे काय? तर म्हणाला, “आज सॉफ्टवेअर रिलीज आहे, अंकल.” ‘चप्पल येथे काढावी’ अशी प्लॅस्टिकच्या वेष्टनातली पाटी संघाकडून लागली. आमच्या लिफ्टमधला गेलेला दिवा बदलण्यासाठी याच संघाशी मी अख्खा पावसाळा पत्रव्यवहार केला होता.

पत्नी गॅलरीत बसून राही. “आज पण नाही का हो?” ती विचारी. “वरून त्या सगळ्या जणी दिसतात. हसतात ते दिसतं. कशाला हसतात ते कळत नाही.”

मी दुसरे पत्र लिहिले. सामाईक मार्गावर विनापरवाना देवता स्थापन करणाऱ्या व्यक्तीचा कॅमेऱ्याच्या चित्रणावरून शोध घ्यावा, तिचे नाव सूचनाफलकावर लावावे आणि तिच्याविरुद्ध उपविधींनुसार कारवाई करावी. ‘कोणाचाही मुलाहिजा न ठेवता’ हे शब्द मी अधोरेखित केले.

सचिवांनी मला सुरक्षारक्षकांच्या खोलीत बोलावले. खुर्ची पुढे केली. “अंकल, आप खुद देख लीजिए,” एवढेच म्हणाले.

पडद्यावर रविवारची संध्याकाळ. चाकांची खुर्ची ढकलत एक ताठ म्हातारा येतो, शिल्पाकडे बोट दाखवून बराच वेळ काही बोलतो, मग पाठ फिरवून सूचनाफलक वाचू लागतो. खुर्चीतली स्त्री पर्स उघडते, पुडी काढते, पुढे वाकते आणि बोट टेकवते. म्हातारा फलकच वाचत असतो.

रक्षकांचा प्रमुख छताकडे पाहत होता. सचिवांनी विचारले, “नोटिसबोर्ड पे लगाएँ?”

मी घरी आलो.

“कुंकू तू लावलंस?”

“मग? सवाष्णीसारखी नटवली नि कपाळ भुंडं ठेवलं. दारात तशी बाई बसलेली बरी दिसेना. हळदीकुंकवाची पुडी पर्समध्ये होतीच.”

“मला सांगायचंस तरी!”

“तुम्ही वाचत होता. वाचताना बोललं की ओरडता.”

“अगं, त्यामुळे ती देवी झाली! तुझाच रस्ता बंद झाला!”

“एका बोटाच्या कुंकवानं? कमाल आहे हो तुमच्या लोकांची.”

तुमच्या लोकांची! मी फिर्यादी, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात माझेच कुटुंब. तक्रार मागे घ्यावी तर रॅम्प गेला. चालवावी तर पत्नीचे नाव फलकावर. सचिवांनी दरम्यान एका पुजाऱ्यांना फोन केला होता. देवी कोणती ते सांगा, त्याशिवाय उत्तरपूजा करता येत नाही, असे ते म्हणाले. संघाने मग समिती नेमली. समितीत कोणी यल्लम्मा म्हणाले, कोणी अन्नपूर्णा. पुण्याची तरुणी रडवेली होऊन पृथ्वी, पृथ्वी म्हणत राहिली.

हे सर्व मी कागदपत्रांसह पत्नीपुढे मांडले. तिने ऐकून घेतले.

“गौरी जाताना आपण काय करतो?” ती म्हणाली. “अक्षता टाकतो, दहीभात दाखवतो, नि जागची हलवतो. हलली की गेली. त्याला समिती कशाला? तांदूळ घ्या. मला खाली न्या.”

आम्ही खाली गेलो. कॅमेरा चालू होता. या खेपेस मी त्याच्याकडे तोंड करून उभा राहिलो. सफाईच्या बायका जमल्या, लॅपटॉपवाला तरुण आला, रक्षकांच्या प्रमुखाने टोपी काढली. पत्नीने अक्षता टाकल्या, दहीभाताची वाटी पुढे धरली आणि माहेरवाशिणीशी बोलावे तशी त्या चिखलाशी बोलली, “ये हो बाई. बरं केलंस आलीस ते.”

मग मागे न वळता मला म्हणाली, “ढकला.”

“कुठे?”

“पुढे. हलवायची आहे ना?”

मी ढकलले. खुर्चीची पायपट्टी मातीच्या मांडीला टेकली. धड कलले, बायकांनी गजर केला आणि शहाळ्याचे डोके सुटून, पारंब्यांसकट, रॅम्पवरून गडगडत बागेत गेले. मी क्षणभर थांबलो.

“थांबलात कशाला?” पत्नी म्हणाली. “व्हा पुढे.”

बायकांनी लगेच झाडू उचलले आणि खुर्चीपुढची माती ढकलत आमच्याआधी खाली उतरल्या. पत्नी तिच्या नेहमीच्या घोळक्यात जाऊन पोहोचली. मी बाजूच्या बाकावर बसून सचिवांना लिहायचे तिसरे पत्र मनात जुळवत होतो, तोच त्या घोळक्यात हशा उठला. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. सर्वांत मोठ्याने ती हसत होती.