सातची माळ आणि सातची मॅच

अंगणात टॅक्सी उभी होती, बॅगा डिकीत गेल्या होत्या आणि बाबा निवांत माळ सांगत होते. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. मी गुडघ्यांवर बसून नुसता घड्याळाकडे बघत होतो. आमच्या वसईच्या घरात सातला चर्चची घंटा झाली की सगळ्यांनी क्रुसासमोर गुडघे टेकायचे, घरातल्या सर्वांत मोठ्याने रोझरीची माळ सांगायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. मुलगा कॅनडाला निघालाय म्हणून ही रीत मोडायची का? बाबांच्या मते नाही.

आई हळूच म्हणाली, "अहो, विमान..."

"विमानाला पायलट आहे, तो बघेल," बाबा म्हणाले. "घाईची माळ देवाला ऐकू जात नाही."

माळ संपली तरी सुटका नव्हती. मग मेलेल्यांसाठी एकेक प्रार्थना. आजा, आजी, विहिरीत पडून गेलेला काका, शेजारची मोनीमावशी, आणि शेवटी 'ज्यांच्यासाठी कोणीच प्रार्थना करत नाही' ते सगळे. मी दात-ओठ खात उत्तरं दिली. मग बाबांनी माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला आणि म्हणाले, "जा आता. सावकाश जा." विमान अर्थातच मिळालं. वर एअरपोर्टवर बसून बसून कंटाळाही आला.

तुम्ही गावात राहिलेले मला फोनवर विचारता, तिकडे करमतं कसं? आणि माझ्यासारखे मिसिसागा-ब्रॅम्प्टनला आलेले तुम्ही हे कधीच विचारत नाही, कारण तुम्हाला माहीत आहे. मला करमवलं बेसबॉलने. पहिल्या विंटरमध्ये मी पावाच्या फॅक्टरीत होतो. तिथला एक गोरा सुपरवायझर ब्रेकमध्ये सारखा बेसबॉलबद्दल बोलायचा. मला वाटायचं, हे कसलं क्रिकेट, बॅट म्हणजे मुसळ आणि धावायचं चौकोनात! पण उन्हाळ्यात तो मला टोरोंटोच्या टीमची मॅच बघायला घेऊन गेला आणि मी कामातून गेलो. आपल्या गावच्या आळीआळीच्या क्रिकेट मॅचमध्ये जसा आरडाओरडा करायचो तसा तिथे केला, मराठीत, आणि कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, इथे राहता येईल.

मग मधली दोन वर्षं टीम अशी काही खेळली की विचारू नका. बसमध्ये, ग्रोसरीच्या लाइनमध्ये, आमच्या चर्चच्या पार्किंगमध्येसुद्धा निळ्या टोप्या. आणि त्यानंतर घसरगुंडी. चांगली तरुण पोरं ट्रेडमध्ये दुसऱ्या टीमांना देऊन टाकली, बदल्यात आणले लंगडे घोडे. पिचरचा, म्हणजे आपल्या बोलरचा, हात थकलाय हे मला मिसिसागाच्या बेसमेंटमधून दिसायचं, पण मैदानात उभ्या मॅनेजरला दिसायचं नाही! "अरे काढ त्याला, काढ!" मी टीव्हीवर ओरडायचो. माझी बायको रिटा वरून म्हणायची, "त्याला मराठी येत नाही, आणि आम्हाला झोप येत नाही."

टीममध्ये माझा एक लाडका होता. डावखुरा, पोट सुटलेला, दाढीत पांढरे केस. आमच्या घरात त्याचं नाव भाऊ. चांगल्या दिवसांत भाऊ बॅटिंगला कायम चौथा यायचा. बेसबॉलमध्ये कोणी कितव्या नंबरवर जायचं ते मॅनेजर रोज ठरवतो, आणि चौथा नंबर म्हणजे मानाचा पाट. आता भाऊची बॅट जरा उशिरा फिरायची, हे मलाही कळत होतं. पण मान म्हणून काही असतो की नाही?

त्याच उन्हाळ्यात बाबा आले. आई गेल्यावर घर त्यांना खायला उठत होतं, म्हणून वसईतल्या माझ्या भावाने आणि मी ठरवून त्यांना सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना काही वर्षं राहता येतं त्या व्हिसावर, बोलावून घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "इथे दिवेलागण केव्हा होते?" मी म्हटलं, "नऊला." ते माझ्याकडे बघतच राहिले. नऊ वाजेपर्यंत ऊन असणाऱ्या देशात मुलगा कसा राहतो, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं. मग म्हणाले, "ठीक आहे. आपण आपली सातलाच म्हणू."

झालं! मॅचही सातलाच.

बाबा आता पूर्वीचे राहिले नव्हते. दम लागायचा. रोझरीत येशूच्या आयुष्यातले पाच प्रसंग, म्हणजे पाच रहस्यं, वाराप्रमाणे म्हणतात; बाबा मंगळवारी दुःखाची रहस्यं म्हणायच्या ऐवजी आनंदाची सुरू करायचे, मध्येच थांबायचे, डोळे मिटून आठवायचे. त्यात मेलेल्यांची यादी आईच्या नावाने लांबली होती, आणि आईपाशी ते फार वेळ घ्यायचे. आम्ही उठेपर्यंत मॅचच्या नऊपैकी दोन-तीन इनिंग गेलेल्या असायच्या. मी रिटाला गमतीने म्हणायचो, बाबांची एक्स्ट्रा इनिंग चाललीय. ती हसायची नाही.

एक दिवस मी बाबांनी घसा खाकरायच्या आतच लेकीला म्हटलं, "एलिशा, आज तू लीड कर." पोरगी कॅथलिक शाळेतली, इंग्लिशमध्ये धडाधड म्हणते. तिने पाचही रहस्यं उरकली, मी लगेच क्रूस केला आणि उठलो. मेलेल्यांना सुट्टी. बाबांच्या हातात माळ तशीच होती. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि सोफ्याचा हात धरून सावकाश उठले.

दुसऱ्या दिवशीही एलिशाच. मग तीच रीत झाली. बाबा पुढची जागा सोडून सोफ्याच्या टोकाला बसायला लागले. इंग्लिशला मराठीत उत्तर द्यायचे, पण पोरीचा वेग असा की ते अर्ध्यात असतानाच ती पुढे गेलेली असायची. मग नुसते ओठ हलवायचे. मला दिसलं नाही असं म्हणणार नाही. दिसलं, आणि मी पहिला पिच बघायला खाली गेलो.

ऑगस्टमध्ये एका रविवारी दुपारच्या मॅचला मॅनेजरने भाऊला आठव्या नंबरवर टाकलं. आठव्या! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मॅच हरल्यावर रेडिओवर लोकांचे फोन घेतात, तिथे मी फोन लावला. इतक्या वर्षांत कधी लागला नव्हता, त्या दिवशी लागला. रेडिओ जवळ असला की आवाज घुमतो, म्हणून मी बेसमेंटमध्ये गेलो आणि बाकीचे वर किचनमध्ये रेडिओपाशी बसले. मुलगा रेडिओवर बोलणार म्हणून बाबांनी बनियनवर शर्ट चढवला होता, असं रिटाने नंतर सांगितलं.

मी काय बोललो! माझं इंग्लिश एरवी बँकेच्या फोनवरसुद्धा अडखळतं, त्या दिवशी गंगा वाहिली. या माणसाने तुम्हाला उभं केलं, म्हणालो. तो स्लो झाला असेल, पण त्याची जागा अशी काढून घेतात का? त्याच्याशी बसून बोला, त्याला विचारा. माणसाला रिस्पेक्ट नाही दिला तर जिंकून काय उपयोग? रेडिओवाला म्हणाला, वेल सेड, माय फ्रेंड.

छाती फुगवून वर आलो. बाबा टेबलापाशी होते आणि एलिशा तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत त्यांना सगळं समजावत होती. "आजोबा, डॅड बोलला, ओल्ड माणूस आहे ना, त्याला मागे टाकला. त्याला विचारला नाही. दॅट्स नॉट राइट, असं बोलला."

बाबांनी मान हलवली. "बरोबर बोललास," ते मला म्हणाले. मग थोडं थांबून, "निदान आधी सांगायला हवं होतं रे त्याला."

एवढंच. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो, तेवढा मी तयार आहे. ते खरंच भाऊबद्दल बोलत होते की काय, हे मला आजही माहीत नाही. पण रिटा ओट्याकडे वळली आणि उगाचच नळ सोडून उभी राहिली. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात तसं झालं, आणि मी त्या किचनमध्ये रेडिओ बंद करायचं निमित्त करून उभा राहिलो.

सात वाजता मी म्हटलं, "बाबा, आज माळ तुम्ही सांगा."

"नको. पोरीला छान जमते," ते म्हणाले. "तू विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, तिला सांगू दे."

बाबांनी माळ पुन्हा हातात धरली नाही असं नाही, पण पुढच्या जागेवर ते परत बसले नाहीत. सप्टेंबर सरता सरता म्हणाले, थंडी सोसायची नाही, घरच्या केळीच्या बागेकडे बघायला हवं. व्हिसा पुष्कळ शिल्लक होता. मी आग्रह केला, पण कुठल्या तोंडाने करणार? एअरपोर्टवर त्यांनी माझ्या कपाळावर क्रूस काढला. टीमने भाऊला सीझन संपल्यावर सोडून दिलं. त्या वेळी मी रेडिओला फोन केला नाही.

पुढच्या वर्षी नाताळाला आम्ही वसईला गेलो. सातची घंटा झाली. माझा सख्खा भाऊ, वहिनी, आम्ही सगळ्यांनी गुडघे टेकले. बाबा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आज तू सांगतोस का? चालेल ना तुला?"

त्यांनी मला विचारलं. सगळ्यांच्या देखत, नीट विचारलं.

मी सुरू केली. 'नमो मरिये' म्हणता म्हणता तिसऱ्या रहस्यापाशी अडकलो. मराठीतलं नावच आठवेना. कोणी पुढचं सांगितलं नाही, कोणी खाकरलं नाही. बाबा डोळे मिटून थांबले होते. "सावकाश," ते म्हणाले, "आपल्याला कुठे जायचंय?" आठवलं तेव्हा पुढे गेलो. पाच पूर्ण झाली आणि मिसिसागाच्या सवयीने मी क्रूस करून उठायला लागलो. बघतो तर कोणीच उठलं नव्हतं.

"बस," वहिनी हळूच म्हणाली. "राहिलंय अजून."

मग बाबांनी हाती घेतलं. आजा, आजी, काका, मोनीमावशी. आई. आईपाशी थांबले, आम्हीही थांबलो. मग ज्यांच्यासाठी कोणी प्रार्थना करत नाही ते. मला वाटलं, आता संपलं. मी गेलो तेव्हा इथेच संपायचं. पण बाबांनी श्वास घेतला आणि रोजच्यासारखंच म्हणाले, "आणि कॅनडात असलेल्या आमच्या जोसेफसाठी."

मी त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर होतो, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. तरी त्यांनी ते गाळलं नाही. घरात कोणी हसलं नाही, रोजचंच होतं ते त्यांना. सगळ्यांनी उत्तर दिलं, आणि मान खाली घालून मीही दिलं.