समुद्रातलं रोप

पिंपळवंडीत आमच्या शेजारी टोमॅटोच्या रोपांची नर्सरी चालवणारे एक गृहस्थ राहतात. यंदा त्यांनी बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी बसवली आणि एका दगडाला चिकटलेलं मऊ प्रवाळ तिच्यात ठेवलं. प्रवाळ हा प्राणी आहे, असं दुकानदाराने त्यांना बजावलं होतं. ते त्याला रोप म्हणतात.

जागा बदलल्याशिवाय रोप जोर धरत नाही, हा नर्सरीचा नियम त्यांनी समुद्रालाही लागू केला. प्रवाळ मिटलं की ते दगड उचलून दिव्याखाली नेत. तिथेही मिटलं की पंपाच्या धारेपुढे. हात घालण्याआधी ते न चुकता माझं मत विचारत आणि मी तोंड उघडायच्या आत दगड हलवत.

टाकी त्यांची असली, तरी प्रवाळावर जीव त्यांच्या पत्नीचा होता. "आवं, एका जागी बसू द्या की त्याला," त्या म्हणायच्या.

"लाडानं रोप मरतं. तुला न्हाई कळायचं."

प्रवाळ आक्रसून बोराएवढं झालं. मग ते एकटेच भीमाशंकरला गेले आणि काही दिवस तिथेच रमले. टाकीत कोणाचाच हात गेला नाही. ते परतले तेव्हा प्रवाळ तळहाताएवढं फुललं होतं.

"बघा राव," ते मला म्हणाले, "शेवटची जागा लई मानवली. आता जरा उजेडाकडं सरकवलं, तर काय व्हईल?"

पत्नीने नवऱ्याची प्रवासाची पिशवी पुन्हा भरायला घेतली.